सारजाअक्काचं बिनफोडणीचं पिठलं

…आन् ते पहिलं वाक्य खोड आधी. "सारजाबाई या अत्यंत कष्टाळू होत्या." व्हत्या काय? हाय की अजून! आत्ता सकाळी तिच्याच घरचा च्या पिऊन आले मी. आन् कष्टाळू म्हणलं तर चिडंल ती. म्हणंल, बाकीच्या बाया काय बसून खात्यात व्हय? तू नुसतं मी बोलते तसं लिव्ह, अक्षे. शाळेतल्यावानी निबंध नको.

तर पोरांनो, तुमी पुण्याच्या डोंगर फिरणाऱ्या मंडळाची मंडळी. तुमच्या पुस्तकात छापायला सारजाबाईबद्दल लिहून पाठवा म्हणून तुमचा कागद आला. आला तिच्या नावानं. पण ती म्हणली, "माझ्याबद्दल मीच काय सांगू? साळे, तू सांग. तुला तोंड लई." म्हणून मी सांगते. मी साळुबाई, तिची धाकटी जाऊ. मला लिहाया येत न्हाई, माझी नात अक्षदा लिहून घेतीया. माझं माहेर निरगुडसर, सपाट गाव, पाटाच्या पाण्याचं. तिथनं लग्न करून मी मढच्या वरच्या अंगाला, ह्या वाडीत आले तवा समोरचा डोंगर बघून आठ दिस रडत व्हते. ह्या सारजाअक्कानंच मला गप केलं. म्हणली, "रडून डोंगर हालायचा न्हाई. ऊठ, हिरडा पसरू लाग."

आमच्याकडं हिरडा निघतो. कवळा हिरडा झाडावरनं काढायचा, अंगणात वाळवायचा, काळा खडखडीत झाला की व्यापाऱ्याला घालायचा. ते झालं की घरची वाळवणं. कुरडया, सांडगं, मेथी, वांग्याच्या चकत्या, काय न्हाई ते. आमी बाया हात लावून बघायचो, वाळलं का न्हाई. अक्का कानानं बघायची. मूठभर उचलायची आन् वरनं ताटात सोडायची. खळखळ वाजलं की म्हणायची, "भर डब्यात." थपथप वाजलं की म्हणायची, "आजून वल हाय पोटात." मी कितीदा हटकलं, अगं हाताला तर कोरडं लागतंय. ती म्हणायची, "हात लबाड हाय. आपल्याला उरकायची घाई असली की हात 'वाळलं' म्हणतो. ताट खोटं बोलत न्हाई."

पण ते राहू दे, आधी दुसरं सांगते. त्याबगर पुढचं कळायचं न्हाई तुमाला.

माझं थोरलं दीर, म्हणजी अक्काचं मालक, भिमाजी त्येंचं नाव, हिरड्याच्याच दिवसांत गेलं. कड्याच्या तोंडावर एक झाड व्हतं, त्येच्यावर चढलं आन् पाय सुटला. धर्माजी, त्येंचा एकुलता एक, तवा तिसरीत. आमच्या भावकीत सुतक असलं की अन्नाला फोडणी देत न्हाईत. सगळं उकडलेलं, फिकं. तेल तापून मोहरी तडतडली की घर हासल्यासारखं वाटतं, ते सुतकाच्या घराला शोभत न्हाई. बारा दिस आमी दोन्ही घरं तसलं जेवलो. तेराव्याला फोडणी द्यायची तर अक्काचा हात उचलंना. ती मागच्या दारी जाऊन बसली. मग मी दिली. मोहरी तडतडली तशी बाहेरनं तिचा हुंदका आला. त्याच्यानंतर ह्या बाईनं बिनफोडणीचं कधी तोंडात घातलं न्हाई. ताप असला तरी पेजंवर चार मोहऱ्या टाकून मागायची. मी चेष्टा करायची. तिनं कधी कारण सांगितलं न्हाई आन् मी इचारलं न्हाई. मला म्हाईत व्हतं की.

आता तुमची मंडळी. तुमच्यातली थोरली असतील त्येंना आठवत असंल, तवा हरिश्चंद्रगडावर जायला पोरं यष्टीनं यायची आन् आमच्या वाडीवरनं चालत जायची. पाठीवर ह्ये मोठं ओझं. एकदा पाच पोरं अक्काच्या पडवीत पाणी प्यायला बसली. एकाच्या पिशवीतनं बटाटं घरंगळत अंगणात आलं. मग कांदं. मग एक फुटलेला पत्र्याचा डबा, रसगुल्ल्याचा! पाक सगळ्या कापडांवर. अक्का म्हणली, "का रं बाबांनो, डोंगरावर चाललाय का लग्नाला?" त्यात एक चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला, काटकुळा. तो म्हणला, "मावशी, चार दिवस राहायचंय वर. खायला नको?" अक्का म्हणली, "खायला पायजे. पाणी कशाला वाहून नेतोस? बटाट्यात काय असतंय? पाणीच की. पाणी वर टाक्यात हाय."

तो ऋषी. पुढं तुमच्या मंडळाचा म्होरक्या झाला तोच.

गडावरनं उतरताना त्येनं अक्काला एक चकचकीत पुडी दिली. शहरातली, वाटाण्याचा पुलाव, वाळवलेला. म्हणला, "मावशी, हे उरलंय, कुणालाच आवडलं नाही." अक्कानं फोडली, ताटात सोडली, कान दिला. खळखळ वाजली. मग गरम पाण्यात भिजवली, चाखली, आन् माझ्याकडं बघून म्हणली, "साळे, हे तर आपलं वाळवणच हाय की. ह्येनं शिजलेलं वाळवलंय, एवढाच फरक."

तिथनं तिला नादच लागला. भात शिजवून, धुऊन, जुन्या लुगड्याच्या धडप्यावर वाळवायची. मोड आलेली मटकी उकडून वाळवायची. नाचणीचं सत्त्व. भाकरी कडक वाळवून, कुटून तिचा चुरा. आन् त्यो ऋषी दर हंगामाला आला की वाट्या मांडून बसायचा. काय लवकर भिजतं, काय हलकं हाय, काय खाल्लं की पोटाला आधार व्हतो. वाटीला वाटी लावून, मनगटातलं घड्याळ बघत. अक्काला गंमत वाटायची. म्हणायची, "पोरी बघाया आल्यावानी बघतोय बघ. नाक कसं हाय, रंग कसा हाय." ऋषी म्हणायचा, "मावशी, पोरगी नापसंत पडली तर घरी परत येता येतं. वर चौथ्या दिवशी जेवण नापसंत पडलं तर काय करू?"

बदरुद्दीनभाई म्हणून जुन्नरला प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं दुकान व्हतं त्येंचं. त्येंनी अक्काला पिशवी बंद करायची युक्ती दाखवली. करवतीचं पातं घ्यायचं, पिशवीचं तोंड त्याच्यावर दुमडायचं आन् मेणबत्तीच्या ज्योतीवरनं सरकन् फिरवायचं. पहिल्या दिवशी अक्कानं अकरा पिशव्या जाळल्या. बदरुद्दीनभाई म्हणलं, "आपा, मेरी दुकान मत जलाना." अक्का म्हणली, "जाळायची असती तर तुमची दाढी जवळ हाय." ते लई हसलं. पण आली तिला ती.

आता मूळ गोष्ट. धर्माजी मोठा झाला. डोंगर त्येला पाठ. कुठली वाट पावसानं खचली, कुठं पाणी कधीपर्यंत टिकतं, सगळं. तुमच्या मंडळींना वाट दाखवायला जायचा, पण ते वर्षातनं दोन-चार डाव. बाकी काम न्हाई. बरोबरीची पोरं चाकणला कंपनीत गेलती. त्येलाबी एकानं सांगून ठेवलं, पुढचा मार्गशीर्ष सरंस्तोर ये, न्हाईतर जागा जाईल. पोराला जायचं नव्हतं. अक्काला धाडायचं नव्हतं. पण तोंडानं कोण बोलतंय? ती म्हणायची, "तुला पायजे ते कर," आन् तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." माय-लेक दोघं एकमेकांची वाट अडवून बसली व्हती.

मी एकदा म्हणलं, "अक्का, बरं व्हईल गेला तर. तिकडं कडं तर न्हाईत." त्यावर ती म्हणली, "डोंगरानं बाप नेला म्हणून डोंगर वैरी व्हत न्हाई. त्या पोराला डोंगर सोडून काय येतंय? तिकडं कुणाच्या तरी दारात उभा राहील आन् सुकंल."

त्या साली शिमग्याला ऋषी आला. म्हणला, पुढच्या थंडीत आमी दहा दिवसांचं चालणं काढतोय. गडावरनं नाणेघाट, जीवधन, तिथनं डोंगराच्या काठाकाठानं आहुप्यापतुर आन् भीमाशंकरला उतरायचं. मधी गाव लागो न लागो. जेवण सगळं पाठीवर. त्येच्या आधी गडावर चार दिवस चौदा जणांनी तुमचंच जेवण खाऊन बघतो. "जमलं ना मावशी, तर दर मोहिमेचं जेवण तुमचं, आणि धर्माजी आमचा वाटाड्या, सगळा हंगाम. मग कशाला जातोय तो चाकणला?"

अक्काचं तोंड मी बघितलं. चुलीवर दूध उतू जात व्हतं ते तिला दिसलं न्हाई.

ऋषीनं एकच अट घातली. "तेलाचा थेंब नको. तेल असलं की वास मारतो. पिठलं पण बिनतेलाचं शिजवा, पातळ पसरा, वाळवा आणि रवाळ कुटा." अक्का म्हणली, बरं.

चैतात काढलं वाळवण. भात झाला, मटकी झाली, मेथी झाली. शेवटच्या दिवशी पिठलं. मोठं पातेलं, बेसन, मिरची, मीठ, हळद. मी हलवायला बसले व्हते. पिठलं घट्ट व्हत आलं आन् मला कसंतरीच वाटाया लागलं. पिवळंधमक पिठलं, पण मोहरी न्हाई, वास न्हाई. आमचं दोघींचं ते बारा दिसांचं जेवण डोळ्यापुढं आलं.

इथं जरा थांब, अक्षे. हे नीट लिव्ह. खोडाखोड नको.

मी म्हणलं, "अक्का, सुतकाचं पिठलं देतीस व्हय पोरांच्या संगं? कड्यावर चालणारी पोरं ती. आन् तुझा धर्मा हाय त्येंच्यात."

मी म्हणलं. दुसऱ्या कुणी न्हाई.

अक्काच्या हातात पळी व्हती. मला म्हणली, "ऋषीनं नको सांगितलंय." मी म्हणलं, "ऋषीला काय ठावं? त्येच्या घरी गॅस हाय. थोडी दे, वासापुरती. वाळल्यावर कुणाला दिसतंय?" ती उठली आन् तेल ओतलं. वासापुरतं कसलं, चांगलं पळीभर. मोहरी, जिरं, हिंग, लसूण. वर दाण्याचं कूटबी घातलं मूठभर. पातेल्यात चर्र झालं आन् आमी दोघी एकमेकींकडं बघून हासलो. खरं सांगते, छातीवरचा धोंडा उतरल्यावानी झालं.

दुसऱ्या दिशी वाळवायला पसरलं. ते काय वाळंना. चकाकत राहिलं, तूप लावल्यावानी. दोन दिवस जास्ती ठेवलं. मग कुटलं. अक्कानं मूठभर घेऊन ताटात सोडलं.

थप.

मी ऐकलं. तिनंबी ऐकलं. मी म्हणलं, "पिठलंच ते, खळखळंल कसं? हाताला कोरडं हाय." आन् ही बाई, जी जन्मभर हाताला लबाड म्हणली, ती त्या दिशी हाताचं ऐकून मोकळी झाली. पिशव्या बंद केल्या, पत्र्याच्या डब्यात घातल्या. चैतापासनं मार्गशीर्षापतुर. मधी आमच्याकडचा पाऊस. तुमाला म्हाईत हाय, आमच्याकडं भिंतीला शेवाळ धरतं.

थंडी पडली तशी चौदा जण आली. धर्माजी पुढं, ऋषी मागं. अक्कानं दारात उभं राहून बघितलं, दिसंनाशी व्हईपतुर. चार दिस ती कुठल्या कामाला लागली न्हाई. पाखडलेलंच पाखडत व्हती.

पाचव्या दिशी दुपारी उतरली सगळी. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात गेले. धर्माजीचं तोंड बघितलं आन् वळखलं, काहीतरी बिनसलंय. तो आईकडं न बघता पडवीच्या टोकाला जाऊन बुटाची नाडी सोडत बसला. एकच नाडी, किती येळ.

ऋषी बोलाया लई गोड. म्हणला, "मावशी, भात छान. मटकी तर पहिल्याच दिवशी संपली. मेथी उत्तम." आन् पिठल्याचं नाव काढंना. त्येंच्यात एक समरीन म्हणून पोरगी व्हती, पुण्यात डाक्टरीला शिकत व्हती, तोंडानं फटकळ. ती म्हणली, "मावशी, पिठल्यात पणतीचं तेल घातलं होतं का? दोन रात्रींचं जेवण होतं ते. दोघांना उलट्या झाल्या, बाकीचे उपाशी. मी कोरा भात मिठाबरोबर खाल्लाय."

अक्कानं हात पुढं केला. "उरलं असंल तर दे." समरीननं पिशवी दिली. अक्कानं ती दातानं फाडली, नाकाशी धरली. मला दारातनं वास आला, पोरांनो. दिवाळीनंतर कोनाड्यात राहून गेलेल्या पणतीच्या वातीचा वास. खवट.

ऋषी म्हणला, "मी सांगितलं होतं ना, तेल नको?"

"सांगितलंतंस."

"मग?"

"माझा हात चुकला."

एवढंच. मी दारात उभी, हातात तांब्या. तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. आन् मी, जिला तोंड लई, मी एक शबुद काढला न्हाई. मला वाटलं, आत्ता बोलले तर धर्मा माझ्या तोंडाकडं कसा बघंल? म्हणून गप. पाणी वाटलं सगळ्यांना आन् आत गेले.

ऋषी जाताना म्हणला, दहा दिवसांच्या चालण्याला आता शहरातल्याच पुड्या घेतो. निघायला दहाच दिवस राहिल्यात, जोखीम नको. धर्माजी म्हणला, "बरोबर हाय तुमचं." मग आईला म्हणला, "मी चाकणला सांगतो, एक तारखेला येतो म्हणून."

अक्का मोरीवर जाऊन ताट घासत बसली. रिकामंच, स्वच्छ ताट.

त्या दिशी सांच्याला मी तिच्याकडं गेले. म्हणलं सांगावं, अक्का, मी जाते आन् ऋषीला गाठते. पण मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणली, "साळे, मला एक सांग. सुतक कशाला असतं? पिठाला का चुलीला?"

मी म्हणलं, "हे काय इचारतीस?"

"पिठाला नसतं. पीठ तेच असतं. चूल गप असती म्हणून ते सुतकाचं. मग चूल तर वर पेटणार हाय की त्येंची. फोडणी मी हितंच द्यायची असं कुणी सांगितलंय? पोरं वर बसतील, त्येंच्या ईस्टोवर त्येंच्या हातानं देतील. जित्यांनी जित्यांना द्यायची फोडणी. मी चैतात दिलेली शिळी फोडणी कशाला न्यायची त्येंनी?"

आठ महिने उशिरा सुचलं, पण सुचलं.

दुसऱ्या दिशी पिठलं घातलं. कोरडं, तेलाचा थेंब न्हाई. आता हलवायला ती एकटी बसली. मला म्हणली, "तू पसरायला ये, शिजवाया नको." टोचून न्हाई म्हणली, हसत म्हणली. थंडीचं ऊन मऊ, म्हणून कागदाइतकं पातळ पसरलं, ताटं दिवसभर उन्हामागं फिरवली. चौथ्या दिशी मूठभर उचलून सोडलं. खळखळ वाजलं. अक्का म्हणली, "परत सोडते, ऐक." तिनं सात-आठ डाव सोडलं. मग कोरडी मोहरी, जिरं, हिंग, वाळल्या लसणाच्या चकत्या, मिरची, ह्येची पुडी बांधली. आन् खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळून, उन्हात तापवून त्येच्यात ताजं तेल भरलं.

ऋषीला मढच्या फोनवरनं निरोप गेला. धर्माजीनंच केला फोन. म्हणला, "आई म्हणती, एकदा येऊन बघून जा. नापसंत पडलं तर पोरगी परत ठेवून घेते." ऋषी आला रविवारी, संगं ती समरीन. ती म्हणली, "मी चाखायलाच आलेय. मला फसवणं अवघड आहे." अक्का म्हणली, "फसवायचं असतं तर गोड केलं असतं."

तीन वाट्या मांडल्या. एकात शहरातली पुडी. दोहोंत अक्काचं पिठलं. वरनं उकळतं पाणी, वर झाकण, ऋषीचं घड्याळ. पाच मिनिटांनी पिठलं फुगलं, ढवळलं तर मऊ. शहरातल्या पुडीतला वाटाणा पंधरा मिनिटांनी समरीननं दाताखाली धरला आन् कटकन् आवाज आला. धर्माजी म्हणला, "नेम धरून मारला तर वानर पळंल." सहा दिवसांत पहिल्यांदा बोलला तो काही हसण्यासारखं.

मग अक्कानं समरीनच्या हातात पळी दिली. "तू दे फोडणी." ती म्हणली, "मला येत नाही." अक्का म्हणली, "डाक्टरीला हाईस ना? औषधाचीच बाटली हाय, ओत." तेल तापलं, पुडी सोडली. तडतड झाली तशी ती पोरगी मागं सरली आन् मग हासाया लागली. एका वाटीवर ती फोडणी, एक वाटी तशीच. दोन्ही चाखल्या. फोडणीची वाटी तिनं पुसून खाल्ली आन् बिनफोडणीची ऋषीकडं सरकवली. "ही तू खा."

ऋषी मात्र बाटलीकडं बघत व्हता. म्हणला, "मावशी, दहा दिवस तेलाची बाटली सांभाळायची म्हणजे ओझं. सांडली तर सगळं खराब. पिठलं तसंच खाऊ की आम्ही, चालतंय."

आता अक्का कधी कुणापुढं अडून बसणारी बाई न्हाई. पण त्या दिशी बसली. म्हणली, "न्हाई चालत. पिठलं पायजे तर बाटली न्यावी लागंल. रोज एकानं फोडणी द्यायची. फोडणीबगर कुणी ताट घ्यायचं न्हाई. न्हाईतर ह्या पिशव्या हितंच राहतील, आन् माझा पोरगा चाकणला जाईल, चालंल मला."

"एवढं काय आहे त्या फोडणीत?" ऋषी खरंच न कळून इचारत व्हता.

अक्कानं सांगितलं. भिमाजीचं, बारा दिसांचं, मागच्या दारी बसल्याचं. धर्माजीनंबी ते पहिल्यांदाच ऐकलं. तो त्या येळी तिसरीत, त्येला एवढंच ठावं की आई ताट टाकून उठायची. आन् चैतात पळी उचलली तवा डोळ्यापुढं काय व्हतं, तेबी तिनं सांगितलं. फक्त एक गाळलं. कुणी आठवण करून दिली ते.

ऋषीनं बाटली उचलली, झाकण घट्ट केलं, दोन पिशव्यांत गुंडाळली आन् आपल्या सॅकमधी घातली. म्हणला, "ही माझ्याकडं. सांडली तर माझे कपडे." मग धर्माजीला म्हणला, "चाकणला फोन करशील ना नको म्हणून?" धर्माजीनं आईकडं बघितलं. अक्का म्हणली, "तुला पायजे ते कर." तो म्हणला, "तू म्हणशील तसं." मी आतनं वरडले, "अरं, एकदा तरी काहीतरी बोला की सरळ!" तवा तो म्हणला, "न्हाई जात मी."

दहा दिवस गेली ती. सातव्या दिशी डिंभ्याच्या बाजूचा एकजण बाजाराला आलता, त्येनं निरोप आणला, सगळी खुशाल, पुढं आहुप्याकडं गेली. येताना भीमाशंकरवरनं यष्टी चुकली, एक दिवस उशीर झाला, अक्कानं तेवढ्यात दोन सुपं गहू निवडून टाकलं. धर्माजी आला तो हातात रिकामी बाटली घेऊन. म्हणला, जीवधनावर वारा एवढा की ईस्टो पेटंना. सगळी दमलेली, म्हणाया लागली आज तसंच खाऊ. तर ऋषी म्हणला, न्हाई, मावशीला शब्द दिलाय. पाच जण वाऱ्याला पाठ करून गोल बसली, मधी ईस्टो, आन् अर्ध्या तासानं मोहरी तडतडली. समरीन म्हणली म्हणे, "आता वाटतंय आपण आहोत."

तवापासनं धर्माजी तुमच्यासंगं हिंडतोय. त्येचं लगीन झालं, सून सोनीबाई आता वाळवण करती, अक्का पडवीत बसून नुसता कान देती. हात कापतो तिचा. पण ताटात सोडलेलं ऐकून अजून म्हणती, "वल हाय पोटात, एक दिवस ठेव."

मागं एकदा मी धीर करून म्हणलं, "अक्का, त्या दिशी माझं नाव का न्हाई घेतलंस?" ती म्हणली, "बोललीस तू. पण पळी कुणाच्या हातात व्हती?" आन् विषय बदलला. पण तुमच्या मंडळात आजून ती चेष्टा हाय, मला म्हाईत हाय. नवी पोरं येत्यात, पिशवी उघडायच्या आधी वास घेत्यात आन् म्हणत्यात, "मावशी, ह्या वेळी हात चुकला नाही ना?" चेष्टाच ती, ती हासती. मला मात्र दर डाव आत काहीतरी लागतं.

ऋषी आता लांब परदेशात असतो म्हणं. त्येनं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली, ती सारजामावशीचा हात चुकला म्हणून सांगितली. तर पोरांनो, तुमच्यात कुणाकडं त्येचा पत्ता असंल, फोन असंल, त्येला एवढा निरोप द्या. म्हणावं, फोडणी घाल असं तिला तिची जाऊ साळुबाई म्हणली व्हती, आन् तू अंगणात इचारत व्हतास तवा तीच दारात पाण्याचा तांब्या घेऊन गप उभी व्हती.